चार सुताचा नळ

दादा गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी निदान सहा जणांनी मला सांगितलं, की त्याचा हिशेब आयुष्यात कधी चुकला नाही. मी दर वेळी मान हलवली. ते खोटं नव्हतं. वर्ध्याच्या शाळेत त्यानं आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि फळ्यावर मांडलेलं उत्तर त्याला पुसावं लागल्याचं कुणाला आठवत नाही. चुकायचं ते बाकीचं जग. त्याच्या हिशेबात न बसणाऱ्या वस्तू या जगात फार आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आमच्याच घरात होत्या.

हे मी हळू लिहिते आहे. दुःखामुळे हळू, असं म्हटलं की लोकांना पटतं. खरं म्हणजे मध्येच हसू येतं आणि मग कागद बाजूला ठेवावा लागतो.

आम्ही तेव्हा नालवाडीला राहत होतो. वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूरला होती, आणि बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. दादा नुकताच मास्तर झाला होता. मी मॅट्रिकला बसणार होते, म्हणजे घरातल्या कुठल्याही कामाला मला हात लावू नका, असं मीच सर्वांना बजावून ठेवलं होतं. राहिली आई. तिच्या बोटांना त्या वर्षी दसऱ्यापासूनच संधिवातानं धरलं. सकाळी उठली की मुठी उघडायच्या नाहीत. उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून ती सरळ करायची आणि मग डाव्या हातानं उजव्या हाताची. त्यानंतर विहिरीवर जायची.

दिवाळीनंतर वैद्यबुवा घरी येऊन तिचे हात बघून गेले. त्यांनी काढा दिला, तेल दिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, हिला छातीचा त्रास आहे तेव्हा खोलीत शेगडी ठेवू नका. ऊब हवी, पण धूर नको. दोन, पहाटेच्या गार पाण्यात हात घालू देऊ नका. हे दोन्ही या थंडीत सांभाळलं नाही तर बोटं वाकतील ती वाकलेलीच राहतील, असंही ते दारात चपला घालता घालता म्हणाले.

आमच्या घरात चारही माणसांचे कान शाबूत होते. तरी पहिली गोष्ट सर्वांना ऐकू आली आणि दुसरी कुणालाच नाही. पहिलीत विज्ञान होतं. दुसरीत बादली होती.

ऊब हवी पण धूर नको, हे वाक्य दादाच्या डोक्यात गेलं आणि बाहेर आलंच नाही. त्याच्याकडे रद्दीच्या दुकानातून आणलेलं, पुठ्ठा उडालेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. थंड देशातली घरं गरम कशी ठेवावीत याचं. घराबाहेर पाणी तापवायचं, ते नळांतून खोल्याखोल्यांत फिरवायचं, फिरता फिरता ते ऊब सोडतं आणि गार होऊन परत तापायला येतं. पंप नको, काही नको. गरम पाणी हलकं म्हणून पुढे सरकतं, गार पाणी जड म्हणून मागे फिरतं. दादानं हे आईला चुलीपाशी बसून समजावून सांगितलं.

आई म्हणाली, "म्हंजे पानी सोताच्या मनानंच फिरते?"

"स्वतःच्या वजनानं."

"मंग बरं हाय. घरात कोनी तं फिरन."

दादाला यातला टोमणा कळला नाही. तो पुस्तकाचं पान उलटत होता.

प्रश्न एकच होता, आणि पुस्तकानं तो पहिल्याच प्रकरणात बजावून ठेवला होता: नळ किती जाडीचा घ्यायचा. बारीक घेतला तर पाणी आतल्या आत अडखळतं आणि फिरत नाही. फार जाड घेतला तर नळ तापवण्यातच सगळं सरपण जातं. म्हणून आधी खोलीतून किती ऊब निसटते ते काढायचं आणि मग शेवटच्या तक्त्यात नळाची जाडी शोधायची. दादा कामाला लागला. आईच्या खोलीच्या भिंती मोजल्या, खिडकी मोजली, दार मोजलं. दाराखालच्या फटीत बोट घालून तीही मोजली. छपरापाशी गाडं अडलं. पुस्तकात पाटीच्या दगडाचं छप्पर होतं, शिशाच्या पत्र्याचं होतं, गवताचंही होतं. कवेलूचं, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या कौलांचं, नव्हतं. आमची कवेलू माकडांनी वर्षानुवर्षं सरकवलेली, तेव्हा छप्पर किती आणि आकाश किती हे ठरवणं भाग होतं. एका रविवारी दुपारी दादा आईच्या खाटेवर उताणा पडून, पेन्सिल कानाला लावून, कवेलूंमधून दिसणारे उजेडाचे ठिपके मोजत राहिला. दोन वेळा मोजता मोजता झोपला. त्या दिवशी दुपारी आईला पडायला खाट मिळाली नाही.

बाहेरची थंडी किती धरायची हा दुसरा पेच. पुस्तकानं बाहेर पाण्याचं बर्फ होतं असं धरलं होतं. मी म्हटलं, नालवाडीत बर्फ कुठे पडतं? दादा म्हणाला, "सुरक्षिततेसाठी धरायचं असतं."

संध्याकाळी ओसरीवर या विषयाची बैठक बसू लागली. बैठकीला तीन माणसं. दादा आणि त्याची वही. बाबा आणि त्यांचा चरखा. तिसरे शेजारचे ओव्हरसिअर काका. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते; त्यांनी जन्मभर सरकारी मोऱ्या बांधल्या होत्या आणि कुठल्याही पाण्याबद्दल त्यांचं मत तयार असे.

बाबा रोज सूत कातत. पवनारला धाम नदीच्या काठावर प्रार्थनेला जाण्याचा त्यांचा रविवार चुकत नसे, आणि शरीराला फार गोंजारू नये असं त्यांचं ठाम मत होतं. ते बाराही महिने गार पाण्यानं अंघोळ करत. त्या निग्रहाचं गावात कौतुक होतं. ते गार पाणी पहाटे विहिरीतून आई काढत असे. तिचं कौतुक करायचं कुणाला सुचलं नाही, कारण ती फक्त पाणी काढत होती.

पहिल्याच बैठकीत दादानं सांगितलं, की ऊब मोजण्याचं माप ब्रिटिश थर्मल युनिट असतं. बाबांचा चरखा थांबला.

"इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुझ्या आईनं अजून ब्रिटिश मापाची ऊब घ्यायची?"

दादानं दोन संध्याकाळी खर्चून सगळे आकडे कॅलरीत आणले.

"ही कॅलरी कुठली?" बाबांनी विचारलं.

"फ्रेंच."

फ्रेंच नुकतेच पाँडिचेरी सोडून गेले होते आणि फार कटकट न करता गेले होते. बाबांनी ते माप चालवून घेतलं.

ओव्हरसिअर काकांचं म्हणणं, नळ दोन इंचीच घ्यावा. "देखो मास्तर, सरकारी कामात दोन इंचाच्या खाली आम्ही नळ बघितलाच नाही. उद्या कुणी तपासणीला आलं तर?"

"आईच्या खोलीत कोण तपासणीला येणार, काका?"

"ते सांगता येत नाही. तपासणी सांगून येते काय?"

बाबा म्हणाले, गरजेपुरता नळ घ्यावा, अर्धा इंच पुष्कळ झाला; हव्यास पाण्याचाही वाईट. दादा म्हणाला, हव्यासाचा प्रश्न नाही, घर्षणाचा आहे. यावर बाबा आणि काका दोघांनीही आपापल्या परीनं मान डोलावली. कार्तिक संपला, मार्गशीर्ष लागला. आई मधून मधून चहा घेऊन ओसरीवर येई. कपाचे कान तिच्या बोटांत नीट येत नसत, म्हणून ती दोन्ही तळव्यांत कप धरून आणी. काका कप घेताना म्हणत, "वहिनी, आता तुमची मजा आहे. विलायतेत राण्या अशा राहतात." आणि रिकामे कप उचलून राणी विहिरीवर ते विसळायला जाई.

मी हे सगळं खिडकीशी भूमिती पाठ करताना बघत होते. बैठकीला हसणं मला तेव्हाही जमत होतं. बादली उचलणं जमलं नाही, हे इथं लिहायला हवं.

शेवटी मार्गशीर्षाच्या मध्याला तक्त्यातून उत्तर निघालं: सव्वा इंच. दादानं ते वहीत दोनदा अधोरेखित केलं. मग नळाच्या मिस्त्रीला बोलावणं धाडलं. हा म्हातारा मिस्त्री गावात विहिरींवरचे हातपंप आणि कापसाच्या जिनिंगमधले नळ दुरुस्त करत हिंडे. त्यानं खोली बघितली, वही बघितली आणि जमिनीवर उकिडवा बसला.

"मास्तर, इंच-गिंच मले नाई समजत. सूत सांगा."

नळाच्या धंद्यात इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. अर्ध्या इंचाचा नळ चार सुताचा, इंचाचा आठ सुताचा. दादानं मनातल्या मनात गुणाकार केला. "दहा सूत."

"दहा सूत!" मिस्त्रीनं छपराकडे पाहिलं. "एका बाईची खोली गरम कराची हाय का सूतगिरनी चालवाची हाय?"

"हिशेबानं दहाच येतात."

"मंग दहाच आना. हिशेब तुमचा, आटे माहे."

नळाच्या टोकांना पेच पाडतात त्यांना आटे म्हणतात. नळ लांबीप्रमाणे कापून, आटे पाडून दुकानातूनच आणायचे ठरलं. दादाची शाळा सहामाही परीक्षेत अडकलेली, तेव्हा कचेरीच्या वाटेवर दुकानात सांगून यायचं काम बाबांकडे गेलं. माझं अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठी मी लिहिली. नळ, दहा सूत, पन्नास फूट, खाली तुकड्यांच्या लांब्या. बाबा सायकलवर बसता बसता दादा दारातून ओरडला, "दहा नसेल तर त्याहून जाड सांगा! बारीक मुळीच नको!"

"समजलं," बाबा म्हणाले.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्ध्यात ती पोराटोरांना माहीत होती, पण आता किती जणांना माहीत असेल शंका आहे. कातलेल्या सुताला अंक असतो, आणि त्याची चाल उलटी असते: अंक जितका मोठा तितकं सूत बारीक. वीस नंबरचं सूत बारीक, दहाचं जाडंभरडं, आणि चार नंबरचं कुणी कातलंच तर त्याला लोक हसतात. बाबा तीस वर्षं कातत होते. सूत या शब्दाला त्यांच्या लेखी दुसरा अर्थ नव्हता, आणि असलाच तर तो पहिल्याच्या शिस्तीत वागेल याबद्दल त्यांना शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाची बैलबंडी आली. दादा घरी होता, मिस्त्री येऊन बसला होता. गाडीवानानं कडब्याखालून नळ काढून अंगणात टाकले. ते पडल्याचा आवाज फार नाजूक आला.

मिस्त्रीनं एक तुकडा उचलला, एका टोकातून आभाळाकडे बघितलं आणि दादाच्या हातात दिला. "मास्तर, हा नळ हाय का पावा? वाजवून पाहा बरं."

दादानं पट्टी लावली. अर्धा इंच. चार सूत. पन्नास फूट, सर्व तुकडे माझ्या चिठ्ठीप्रमाणे बरोबर कापलेले आणि आटे पाडलेले, म्हणजे परत जायची वाट बंद.

संध्याकाळी बाबा आले ते सायकल लावतानाच म्हणाले, "आला ना नळ? दहा त्याच्याकडे नव्हताच. पण मी बरोबर जाड सांगितला."

"काय सांगितलंत?" दादानं विचारलं.

"आठ देऊ का म्हणाला. म्हटलं, आठ म्हणजे दहाहून थोडासाच जाड. सहा? म्हणाला. मी म्हटलं, काटकसर नको, एकदम चारच द्या. तो वेडा दोनदा विचारतो, बाबूजी, चार? म्हटलं हो, चार! घरी आजारी माणूस आहे, जाडच पाहिजे."

दादानं नळाचा एक तुकडा उचलून बाबांसमोर धरला. बाबांनी चष्मा पुसला.

"हा चार?"

"हा चार."

"चार नंबरचं सूत म्हणजे चऱ्हाट असतं रे!" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता, जणू सगळं लोखंड मिळून त्यांच्याशी खोटं बोललं होतं.

मिस्त्री आधी हसला. मग आई. तोंडावर पदर धरून, भिंतीला टेकून ती इतकी हसली की तिला खोकला आला आणि मला पाणी आणून द्यावं लागलं. त्या थंडीत मी तिच्यासाठी पाणी आणलं ते बहुधा पहिल्यांदा.

दादानं रात्रीच्या जेवणाआधी चार सुताचा हिशेब पुन्हा केला. पाणी निघेल, पण खाटेपर्यंत पोचायच्या आत ऊब टाकून देईल आणि वाटेतच बसून राहील, असं उत्तर आलं. दहा सुताचा नळ नागपूरहून मागवायचा तर संक्रांत उजाडणार होती. ओव्हरसिअर काका म्हणाले, झाल्या प्रकाराची आधी चौकशी व्हावी. बाबा चरख्यापाशी जाऊन बसले, पण त्या दिवशी त्यांचा तार सारखा तुटत होता.

"लावून तं पाहा," आई म्हणाली. "आलाच हाय तं."

मिस्त्रीनं चार दिवसांत नळ लावला. मागच्या अंगणात, आईच्या खोलीच्या भिंतीला लागून ओटा केला, त्यावर लोखंडी पिंप बसवलं, खाली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, जाळायला भट्टी ठेवली. पिंपाच्या वरच्या अंगानं नळ निघून भिंतीतून खोलीत शिरत होता, हळूहळू उतरत खाटेच्या तिन्ही बाजूंनी फिरत होता आणि खालून परत पिंपात येत होता. पिंपाला बाहेरच्या बाजूनं एक तोटीही बसवली. ती कशाला, असं दादानं विचारलं. मिस्त्री म्हणाला, "असू द्या. पिंपाले तोटी लागते." ही तोटी आईनं त्याला वेगळी सांगितली होती, हे मला पुढे कळलं.

पहिल्या सकाळी सगळे जमले. काका मफलर गुंडाळून आले. पिंपात विहिरीचं पाणी भरायचं होतं. हा वैज्ञानिक प्रयोग असल्यामुळे ते दादानं आणि बाबांनी भरलं. पऱ्हाटी भडभडून पेटली. तासाभरात पिंप गुणगुणू लागलं. दादा थर्मामीटर घेऊन नळाच्या कडेकडेनं सरकत होता. भिंतीतून आत आल्यावर पहिले तीन हात नळ चांगला गरम होता. पुढे दोन हात कोमट. खाटेपाशी तो सकाळच्या कुलपासारखा गार होता.

काकांनी खाटेपाशी नळाला बोट लावलं. "येईल," ते म्हणाले. "यथावकाश येईल."

ते येणार नव्हतं, आणि दादानं ते आधीच वहीत लिहिलं होतं. म्हणजे हिशेब इथंही बरोबरच निघाला. तरी त्यानं पंधरा दिवस प्रयोग चालवला, कारण एका सकाळवर निष्कर्ष काढत नाहीत. रोज पहाटे तो आणि बाबा पिंप भरायचे. एक रहाटावर, एक बादलीवर. बाबांनी त्याला शरीरश्रम म्हटलं आणि त्यांना त्यात गोडी वाटू लागली. आणि रोज संध्याकाळी पिंप अर्ध्यावर आलेलं असायचं.

या कमी होणाऱ्या पाण्यानं दादाला फार छळलं. नळ कुठेही गळत नव्हता. मिस्त्रीनं प्रत्येक सांध्याला कोरडं फडकं फिरवून दाखवलं. मग दादानं वाफेचा हिशेब मांडला. आमच्याकडची हवा कोरडी, पिंपाचं तोंड उघडं, इतक्या तासांत इतकी वाफ. तरी पाच-सहा बादल्या उरतच होत्या. त्यानं वाऱ्याचा वेग धरून पाहिला. माकडं पीत असतील का, असंही एकदा विचारलं.

मी भूमितीच्या खिडकीतून बघत होते. दादा शाळेत आणि बाबा कचेरीत गेले की आई भांड्यांचा ढीग घेऊन तोटीखाली बसायची. गरम पाण्यात भांडी, गरम पाण्यात धुणं, गरम पाण्यात पाय. मी दादाला ते सांगितलं नाही. तिनंही माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाली, "तू आपला अभ्यास कर माय."

पौषातल्या एका रविवारी दादानं निकाल जाहीर केला. खोलीचं तापमान नळाआधी जेवढं होतं तेवढंच नळानंतर आहे. योजना फसली. आता हा नळ काढून भिंतीची भोकं मोठी करून घ्यायची, पुढच्या थंडीच्या आत नागपूरहून दहा सुताचा आणायचा. बाबांनी मान खाली घातली. चूक त्यांची होती, आणि दादानं ती एकदाही बोलून दाखवली नव्हती, हे त्यांना जास्त लागत होतं. काका म्हणाले, या वेळी दोन इंचीच घ्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मिस्त्री सकाळीच पाना घेऊन आला. दादा आणि मी त्याच्यामागून आईच्या खोलीत गेलो.

आई खाटेवर नव्हती. भिंतीतून नळ जिथं आत येत होता त्या कोपऱ्यात ती पाटावर बसली होती, पाठ आमच्याकडे. दोन्ही हात तिनं वर केले होते आणि नळाच्या त्या पहिल्या गरम तुकड्याभोवती मुठी मिटल्या होत्या. जात्याचा खुंटा धरावा तशा, घट्ट.

"आई, जरा बाजूला हो," दादा म्हणाला. "नळ काढायचा आहे."

"काऊन?"

"खोली गरम होत नाही ना यानं."

"खोलीले कुठी संधिवात हाय?"

मिस्त्रीनं पाना जमिनीवर ठेवला.

"पण आई, पाणी फिरतच नाही यातून. सगळी ऊब या एका कोपऱ्यातच राहते. शिवाय पिंपातलं पाणी रोज कुठे जातं, तेही..."

"मीच घेतलं," आई म्हणाली. "भांड्याले, धुन्याले. रोज घेतलं. तू अन् तुये बाबा भरत होते, मी घेत होती. पंधरा दिस झाले, गार पान्यात हात नाई घातला मी."

वैद्यबुवांची गार पाण्याची ती दुसरी गोष्ट दादाला त्या क्षणी ऐकू आली असावी. निदान त्याचा चेहरा तसा झाला.

"पुढच्या वर्षी दहा सुताचा आणला," तो म्हणाला, "तर ऊब खाटेपर्यंत येईल. तुला इथं कोपऱ्यात बसावं लागणार नाही."

आईनं नळावरचा उजवा हात सोडला आणि त्याच्यापुढे धरला. मूठ हळूहळू उघडली, आपणहून, दुसऱ्या हातानं न ओढता. करंगळी तेवढी वाकडी होती आणि ती पुढे वाकडीच राहिली. बाकीची चार सरळ झाली. मग तिनं तीच मूठ पुन्हा नळाभोवती मिटली. बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली.

"ह्याच्याहून जाड नोको आनू बाबू," ती म्हणाली. "हातात मावनार नाई."

दादानं नळाकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. त्यानं खिशातली पट्टी अर्धी बाहेर काढली आणि परत आत ठेवली.

"भट्टी थंडी होऊन राह्यली मास्तर," मिस्त्री म्हणाला. "मी पऱ्हाटी टाकू का?"

"टाका," दादा म्हणाला, आणि बादली शोधायला मागच्या दारानं बाहेर गेला. मीही गेले. रहाटाला दोन माणसं लागत नाहीत, पण त्यानं मला परत जा म्हटलं नाही. पिंप भरेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून पाणी काढलं.